डबीतला निरोप

माणसाला टोपणनाव पडतं ते बहुधा नाकावरून, चालीवरून, फार तर एखाद्या जुन्या भानगडीवरून. याला पडलं ते एका सवयीवरून. घराला कुलूप घालायच्या आधी दाराशेजारच्या पेटीतला मेनस्विच खट्‌दिशी खाली ओढायचा आणि मगच पायरी उतरायची. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी मेन बंद केला नाही तर काय होतं, ते त्याने एका जोडीदाराच्या बाबतीत पाहिलं होतं. तेव्हापासून त्याचा हात आपोआप वर जायचा. नोकरीतून तो निवृत्त झाला, हात काही झाला नाही. भाजीला निघाले, मेन बंद. लेकीकडे निघाले, मेन बंद. खालच्या मजल्यावर नवराबायको तासभर पत्ते कुटायला गेले, तरी मेन बंद.

बायकोने पहिली पाच वर्षं भांडून पाहिलं. मग तिने त्यातून आपली वाट काढली. दोघं बरोबर बाहेर पडणार असली, की दुधाचं पातेलं ती शेजारणीच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवायची. शेजारीणही इतकी मुरलेली, की दार उघडताना पातेल्यासाठी हात पुढे करूनच उघडायची. दुधाखेरीज त्या घरातून नासण्यासारखं काही जात नाही, असा सगळ्यांचा समज होता.

तर ‘मेनस्विच’ हे नाव त्याला ठेवलं घड्याळजीने.

घड्याळजी राहायचा डोंगराच्या पलीकडच्या गावात, दोन बस बदलून जावं लागे. जिन्याखाली त्याचं हातभर दुकान, डोळ्याला भिंग, आणि भिंतीवरची सगळी घड्याळं एकच वेळ दाखवणारी, जे घड्याळाच्या दुकानात फार क्वचित दिसतं. दोघांची गाठ पडली ती हौशी बिनतारीच्या, म्हणजे हॅम रेडिओच्या, परवान्याच्या परीक्षेत. दोघंही पहिल्या खेपेला नापास झाले आणि बाहेरच्या बाकावर बसून परीक्षकाला शिव्या घालता घालता मैत्र जमलं. पुढे परवाने मिळाले, आणि दोघांनी एकाच बनावटीची डबी घेतली.

ही डबी म्हणजे काय, ते सांगायला हवं. चपट्या जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी. एका बाजूला कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला बिनतारी संच, आणि मध्ये ही. इकडे टाइप केलेली ओळ डबी किरकिर आवाजात गुंडाळते, संच ती हवेत सोडतो, डोंगरापलीकडची डबी ती पकडते, उलगडते आणि ‘पोचली’ अशी पावती उलट पाठवते. पावती आली नाही तर पुन्हा हाक मारते. किती वेळा मारायची, ते मालकाने ठरवून द्यायचं. मेनस्विचने दहा ठरवून दिल्या होत्या. दहा हाका मारल्या, नाही आला, म्हणजे माणूस घरी नाही. आणखी ओरडणं हा चावटपणा. घड्याळजीने मात्र त्या जागी शून्य टाकलं होतं. डबीच्या भाषेत शून्याचा अर्थ भलताच: थांबायचंच नाही. मेनस्विच दोन दिवस गावाला गेला तर घड्याळजीची डबी दोन दिवस हाका मारत बसायची आणि लहरींच्या त्या पट्ट्यावरच्या बाकीच्या हौशी मंडळींचं डोकं उठायचं. त्यावरून मेनस्विचने त्याला किती वेळा झापलं असेल. घड्याळजी उत्तर द्यायचा, दार उघडेपर्यंत कडी वाजवायची, त्यात काय लाजायचं.

अशी सव्वीस वर्षं. रोज पाच वाजता. घरात फोन होते, पुढे खिशात आले, पण फोन कामाच्या लोकांसाठी. गप्पा डबीवर. कोणाच्या सुनेने काय केलं, कोणतं गिऱ्हाईक बायकोपासून लपवून दुसऱ्याच बाईचं घड्याळ दुरुस्तीला आणतं, आणि आज मेनस्विचच्या घरचं दूध कोणाकडे मुक्कामाला आहे.

आणि मग दोघं भांडले. कशावरून? तर डबीच्या पुस्तकावरून.

डबीबरोबर एक जाडजूड माहितीपुस्तक आलं होतं, सगळे हुकूम त्यात दिलेले. घड्याळजीचं पुस्तक वाळवीने खाल्लं, म्हणून त्याने मेनस्विचचं नेलं आणि दोन वर्षं परत केलं नाही. मागितलं की म्हणायचा, देतो रे, घाई काय आहे, तुला तर तोंडपाठ आहे. एका संध्याकाळी मेनस्विचचं डोकं फिरलं आणि त्याने टाइप केलं: ‘लोकांच्या वस्तू ठेवून घ्यायची सवय दुकानातच ठेव.’ घड्याळजीला असं बोलायचं म्हणजे थेट त्याच्या इमानावर बोट. तोंडी भांडणात निदान नंतर कानावर हात ठेवता येतात. इथे ओळ गेली, डोंगर ओलांडला आणि दोन सेकंदांत पोचल्याची पावतीसुद्धा आली. पलीकडून उत्तर आलं नाही. सात महिने आलं नाही.

सात महिन्यांनी, एका बुधवारी, पाच वाजून पस्तीस मिनिटांनी डबीवरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. डबीच्या पोटात छोटीशी टपालपेटी असते. मालक समोर नसला तरी निरोप आत घेऊन ठेवते आणि वाचेपर्यंत हा दिवा डोळे मिचकावत राहतो. मेनस्विचला निरोप टाकणारा जगात एकच माणूस होता.

बायको म्हणाली, वाचा की. हा म्हणाला, लटकू दे आठवडाभर. सात महिने मला टांगून ठेवलंय. आणि चहाचा कप घेऊन तो त्या दिव्यासमोर असा बसला, जसा एखादा सावकार दारात आलेल्या कुळाकडे बघतो. बुधवार गेला, गुरुवार गेला. माफी असेल की टोमणा? दोन्हींची उत्तरं त्याने मनात तयार केली, टोमण्याचं जरा जास्त घोटून. त्याचा डावा गुडघा तेव्हा सुजलेला होता, म्हणून घराबाहेर पडणं नव्हतंच. दिवस बरे चालले होते.

रविवारी लेक आणि जावई आले. जावयाने नवा लॅपटॉप आणला होता आणि त्यात एक प्रोग्रॅम, नकाशावर कोण हौशी कुठे आहे ते ठिपक्यांनी दाखवणारा. त्यासाठी डबीला वेगळ्या तऱ्हेत टाकावं लागतं. त्या तऱ्हेत डबी मालकाचे हुकूम ऐकणं सोडते आणि नुसती हमाली करते. हुकूम असा: ‘किस ऑन’, आणि मग ‘रीस्टार्ट’. हुकुमाचं नाव ऐकून जावयाने मान खाली घातली आणि सासऱ्याने उगाच खोकून घेतलं. बोटं कळफलकावर असताना मेनस्विचच्या मनात आलं, आधी निरोप वाचून घ्यावा. पण जावयासमोर? आत शिव्या असल्या म्हणजे? वाचू जेवणानंतर, असं म्हणून त्याने हुकूम सोडला. डबीवरचे दोन दिवे तीनदा एकदम पेटले, विझले, आणि डबी मुकी झाली. प्रोग्रॅम काही चालला नाही. ठिपका तर सोडाच, नकाशाही उलटा आला.

जावई गेल्यावर मेनस्विचने आपला जुना कॉम्प्युटर जोडला. ‘डिस्प्ले’ टाइप केलं, काही नाही. ‘रीस्टार्ट’, काही नाही. ‘रीसेट’ टाइप करताना बोट अडखळलं, कारण रीसेट म्हणजे सगळंच पुसणं, निरोपासकट. पण डबीने तेही ऐकलं नाही, तेव्हा हायसं वाटलं. शेवटी त्याने, कोणी बघत नाही असं बघून, ‘प्लीज’ टाइप केलं. पिवळा दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

त्या तऱ्हेतून डबीला परत आणायला तीन आकडे ठरावीक क्रमाने पाठवायचे असतात, इतपत त्याला आठवत होतं. पान कुठलं, तेही: एकशे बारा, डावीकडे, खाली चहाच्या कपाचा गोल डाग. डाग डोळ्यांसमोर यायचा, आकडे यायचे नाहीत. आणि पुस्तक डोंगरापलीकडे.

सोमवारी सकाळी पट्ट्यावरच्या एका हौशी मास्तरांचा फोन आला. घड्याळजी शनिवारी गेला. दुकान उघडायला निघाला होता, जिन्यातच बसला. गुरुवार, शुक्रवार, असे दोन दिवस तो उत्तराची वाट बघत असणार, हा हिशेब मेनस्विचने फोन ठेवायच्या आतच केला.

पुढचे तीन आठवडे त्या घरात काय चाललं होतं, ते शेजारणीने सगळ्या जिन्याला सांगितलं, आणि या वेळी तिने पदरचं काही घातलं नव्हतं. मेनस्विचने डबीचं झाकण उघडून मीटर लावला. वीज गेली तरी डबीची आठवण टिकावी म्हणून आत बटणाएवढा सेल असतो. त्यावर त्याच्याच हातची तारीख होती, पंधरा वर्षांपूर्वीची. गुडघा सुजण्याआधी मेन बंद झाला तेव्हापर्यंत तो कसाबसा तगला असावा, आता तीन व्होल्टच्या जागी दीडसुद्धा दिसेना. म्हणजे भिंतीतली वीज आहे तोवर निरोप आहे. वीज गेली, की निरोप गेला. सेलला समांतर दुसरा सेल सोल्डरचा डाग देऊन जोडता आला असता. उभ्या आयुष्यात असे हजार डाग दिले असतील. त्याने सोल्डरची गरम कावी हातात घेतली, टोक जरा घसरलं तर निरोपच जाईल असा हिशेब केला आणि ठेवून दिली. डबी बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालली असती, पण घरातली जुनी बॅटरी पोट फुगवून बसली होती. नवी आणायला जावं, तर घर सोडवेना. त्याने डबीचा प्लग भिंतीला चिकटपट्टीने बांधून टाकला आणि वर कागद लावला: ‘हात लावाल तर याद राखा’. घरात हात लावणारं होतं कोण? बायको. ती त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा घालेना. जावयाने नेटवर शोधून तीन उपाय पाठवले. दोन भलत्याच कंपनीच्या डब्यांचे निघाले आणि तिसरा होता सेल काढून सगळं पुसण्याचा.

“अहो, वहिनींना फोन करून पुस्तक मागा,” बायको रोज म्हणायची.

“नवरा जाऊन महिना नाही झाला, आणि मी पुस्तक मागू? ज्यावरून त्याला चोर म्हणालो ते?”

“मग भेटायला चला. भेटायला तर जायलाच हवं.”

ते त्यालाही कळत होतं. पण एकट्याने त्या बाईसमोर उभं राहायची छाती होत नव्हती. बाविसाव्या दिवशी तो म्हणाला, तू पण चल, तूच बोल. बायकोने इस्त्रीची साडी काढली. दोन बस, तास-दीड तास तिकडे, येताना नवी बॅटरी, संध्याकाळपर्यंत परत. निघताना त्याने डबीकडे शेवटचं पाहिलं. दिवा लुकलुकत होता.

घड्याळजीच्या घरी पुढच्या खोलीत दुकानातली घड्याळं आणून मांडली होती. सगळी अजूनही एकच वेळ दाखवत होती. घड्याळजीच्या बायकोने पाणी दिलं. बोलायचं काम मेनस्विचच्या बायकोने केलं. तो चपलांकडे बघत बसला. पुस्तकाचं नाव त्याला काढावं लागलं नाही. ती आतून आपणच घेऊन आली.

पुस्तक ओळखू येईना. कडेची तार जाऊन त्या जागी कापडी पाठ आली होती, फाटक्या पानांना पारदर्शक कागद लावलेला, वर जाड पुठ्ठा.

“रात्रंदिवस काही नाही, फावल्या वेळात करायचे,” ती म्हणाली. “दिवसाला एक पान. मी म्हणायचे, अहो देऊन टाका त्यांचं त्यांना. तर म्हणायचे, फाटकं आणलं तसं फाटकं देऊ होय?”

मेनस्विचने पुस्तक मांडीवर घेतलं.

“आणि भावोजी,” ती म्हणाली, “जायच्या आधी बुधवारी बसले होते त्या यंत्रापुढे. अर्धा तास एका बोटाने टाइप करत होते, आणि मधूनमधून एकटेच हसत होते. मी विचारलं, काय लिहिताय एवढं? तर म्हणाले, आधी त्याला वाचू दे, मग तुला सांगतो. ते राहूनच गेलं. काय लिहिलं होतं हो?”

घड्याळजी कधी हसायचा, ते मेनस्विचला ठाऊक होतं. टोमणा मारायच्या आधी हसायचा, आणि लाजल्यावरही हसायचा. त्याने पुस्तकावर हात ठेवला.

“उद्या सांगतो, वहिनी. आता हे मिळालंय ना. उद्या नक्की सांगतो.”

परतीच्या बसमध्ये त्याने एकशे बारावं पान काढलं. चहाचा डाग होता, डागाखाली आकडे होते. एकशे ब्याण्णव, दोनशे पंचावन्न, एकशे ब्याण्णव. गाव येईपर्यंत तो ते पुटपुटत राहिला. इतकी घाई, की बॅटरीच्या दुकानावरून पुढे गेला. बायको मागून म्हणाली, अहो बॅटरी. तर म्हणाला, आता कशाला लागते.

जिना चढताना बायको सवयीने शेजारणीच्या दाराशी थांबली. दार उघडलं, आणि शेजारणीने दुधाचं पातेलं पुढे केलं.

मेनस्विच पातेल्याकडे बघत राहिला. बायकोही. सकाळी तिने ते कधी नेऊन दिलं होतं, हे तिलासुद्धा आठवेना. दोघं बाहेर निघाली, दूध शेजारी गेलं. आणि दूध शेजारी गेलं होतं, म्हणजे…

त्याने कुलूप काढलं. घर गप्प होतं. फ्रिज बोलत नव्हता. दाराशेजारच्या पेटीतला दांडा खाली होता. ज्या हाताने तो ओढला, त्याला विचारून काही उपयोग नव्हता. त्याने चाळीस वर्षांचं काम चोख केलं होतं. चिकटपट्टीने बांधलेला प्लग भिंतीत घट्ट होता, आणि त्यावर कागद: ‘हात लावाल तर याद राखा’.

त्याने दांडा वर केला. डबीचे सगळे दिवे एकदा पेटले. पडद्यावर आपोआप ओळी उमटल्या, की आठवणीत काही सापडलं नाही म्हणून कारखान्यातली मूळ मापं भरून घेतली आहेत, आणि खाली ती ओळखीची खूण आली, सी-एम-डी आणि दोन टिंबं. हुकूम द्या. तीन आठवडे जी तोंड उघडत नव्हती, ती डबी आता काही न विचारता, एकाही आकड्याशिवाय, कान टवकारून बसली होती. पिवळा दिवा विझलेला होता. मेनस्विचने तरीही निरोपांची यादी मागितली. शून्य. कोणाकोणाला ऐकलंस, ते विचारलं. कोणालाच नाही. तुझं नाव काय, विचारलं, तर जिथे त्याच्या परवान्याचं नाव असायचं तिथे डबीने सांगितलं, नो कॉल.

बायको पातेलं हातात घेऊन दारातच उभी होती. तिने दूध खाली ठेवलं नाही.

तो बराच वेळ पुस्तक चाळत राहिला, जणू निरोप त्यात दडून बसला असेल. पानांत काही नव्हतं. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मात्र घड्याळजीच्या मुंगीसारख्या अक्षरात, पेन्सिलीने, एक यादी होती. वर मथळा: ‘मेनस्विच एक दिवस मेन बंद करणार आणि डबी कोरी करणार. तेव्हा खालचं जसंच्या तसं टाकावं.’ खाली मेनस्विचच्या डबीची सगळी मापं, नाव, वेग, वेळ, ओळीने. आणि सर्वात शेवटी: ‘हाका: शून्य. दहा ठेवू नये.’

त्याने तारीख पाहिली. भांडणाच्या चार महिने आधीची होती. म्हणजे निरोपात माफी होती की टोमणा, ते यावरूनही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने फोन उचलला. बायको म्हणाली, काहीतरी चांगलं सांगा हो, त्यांना बरं वाटेल असं. त्याने तसा विचार करून पाहिला होता. पहाटेपासून करत होता. पण घड्याळजीसारखं लिहायचं म्हटलं की त्याला एक ओळ जमत नव्हती, आणि घड्याळजीची बायको ती खोटी ओळ ऐकताक्षणी ओळखणार होती.

“वहिनी,” तो म्हणाला, “निरोप गेला. मी मेन बंद केला.”

पलीकडे घड्याळांचा आवाज येत होता, सगळ्यांचा एकदम.

“दूध तरी शेजारी ठेवलं होतं ना?” घड्याळजीच्या बायकोने विचारलं.

“हो.”

“बरं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “बरं.” आणि फोन ठेवला.

पाचच्या आधी तो डबीसमोर बसला. पुठ्ठा उघडा ठेवून एकेक हुकूम टाकत गेला. डबीला तिचं नाव परत दिलं, वेग दिला, वेळ दिली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं, मग त्याने शून्य टाकलं. पाच वाजता त्याने घड्याळजीच्या डबीला हाक मारायचा हुकूम दिला. ती डबी कपाटात ठेवलीय आणि तिच्या तारा गुंडाळून वर रबर लावलंय, हे त्याने काल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. संच किरकिरला, थांबला, पुन्हा किरकिरला.

साडेपाचला बायको पिशवी घेऊन आली. “भाजी आणायचीय. येताय?”

“नाही,” तो म्हणाला. “तू जाऊन ये.”

तिने एकदा दिव्यांकडे पाहिलं. मग निघाली. दूध मात्र तरीही शेजारी ठेवून गेली.